इंटरनेटनं सरकार पडतं का?

मागच्या अंकात नेपाळबद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा पाऊसच पडला. दोन पत्रं पोस्टानं आली, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. त्यातले सहा घेतलेत. व्हॉइस मेसेज पाठवणाऱ्यांनी राग धरू नका, सात मिनिटं ऐकून त्यातून प्रश्न हुडकणं आता या वयात होत नाही, टाईप करा, शुद्धलेखन चुकलं तरी चालतंय.

सर, नेपाळात पोरांनी दोन दिवसांत सरकार पाडलं. आमच्या होस्टेलवर सगळे म्हणायलेत की आता हुकूमशहा वगैरे टिकणारच नाहीत, प्रत्येकाच्या हातात फोन आला की खेळ खल्लास. खरंय का? (बी.ए. दुसरं वर्ष, लातूर)

पोरा, आधी एक दुरुस्ती. नेपाळात हुकूमशहा नव्हता, निवडून आलेलंच सरकार होतं, लोक वैतागले होते ते भ्रष्टाचाराला आणि त्याच त्या तीन-चार म्हाताऱ्या नेत्यांच्या संगीत खुर्चीला. ४ सप्टेंबर २०२५ ला सरकारनं फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब धरून २६ ॲप बंद केले, का तर त्यांनी सरकारकडं नोंदणी केली नव्हती. टिकटॉकनं केली होती, म्हणून ते चालू राहिलं, आणि गंमत बघ, नेत्यांच्या लेकरांच्या परदेशी सहलींचे आणि महागड्या बॅगांचे व्हिडिओ नेमके तिथंच फिरायलते. ८ तारखेला पोरं रस्त्यावर आली, गोळीबार झाला, एका दिवसात १९ जण गेले, ९ ला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. सगळं मिळून सत्तरच्या वर माणसं मेली, हा आकडा तुमच्या होस्टेलवर कुणी सांगतं का? मग डिस्कॉर्ड नावाच्या ॲपवर, जे तुम्ही लोक गेम खेळताना गप्पा मारायला वापरता, तिथं हजारो पोरं बसून हंगामी पंतप्रधान कोण यावर वाद घालत बसली, आणि १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्कींनी शपथ घेतली. नाव ॲपवर पुढं आलं हे खरं, पण शेवटची बोलणी झाली ती सेनाप्रमुख आणि राष्ट्रपतींसोबत, समोरासमोर बसून.

आता खऱ्या हुकूमशहांकडं ये. ट्युनिशियात सिदी बूझिद म्हणून एक आडगाव, आपल्या जिंतूर-सेलूसारखंच समज, तिथं हातगाडीवर फळं-भाजी विकणाऱ्या मोहम्मद बुअझीझीचा माल आणि तराजू जप्त झाला, दाद कुठं लागेना, त्यानं १७ डिसेंबर २०१० ला सरकारी ऑफिससमोर पेटवून घेतलं. तिथल्या निदर्शनाचं शूटिंग कुणीतरी फोनवर केलं, ते फेसबुकवर गेलं, फेसबुकवरून अल जझीरानं उचललं, आणि मग ज्याच्याकडं नेट नव्हतं त्यानंही ते टीव्हीवर बघितलं. १४ जानेवारी २०११ ला २३ वर्षं सत्तेत बसलेला बेन अली विमानात बसून सौदीला पळाला. चार आठवडे! लोक त्याला फेसबुक क्रांती म्हणायले. पण ट्युनिशियात यूजीटीटी म्हणून जुनी कामगार संघटना आहे, गावोगाव तिच्या शाखा, स्वतःचं ऑफिस, खुर्च्या, रजिस्टर, वर्गणीच्या पावत्या. संप तिनं पुकारले. आणि सेना बेन अलीच्या बाजूनं उभी राहिली नाही. हे दोन्ही फेसबुकवर दिसत नाही म्हणून कुणी सांगत नाही.

मग नेटानं केलं काय? सांगतो. समज गावच्या सोसायटीच्या चेअरमनवर सगळा गाव नाराज आहे, पण प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच नाराज आहोत, बाकीचे त्याचेच माणसं, उगं तोंड उघडलं तर पीककर्ज अडकवंल. अशात एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी पाणी वाढता वाढता बोलून जातो आणि पत्रावळीवरची वीस डोकी एकदम वर होतात, सगळे एकमेकांकडं बघतात, अरे तू पण? तो जो क्षण आहे ना, तो नेट लाखो लोकांना एकाच वेळी देतं. इजिप्तमध्ये जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात खालेद सईद नावाचा तरुण पोलिसांच्या मारहाणीत मेला, ‘आपण सगळे खालेद सईद’ असं एक फेसबुक पेज निघालं, ते चालवणारा वाएल घोनिम गुगलमध्ये नोकरीला होता आणि पेजवर स्वतःचं नाव पण लावत नव्हता. त्या पेजवरून २५ जानेवारी २०११ ची हाक गेली आणि ११ फेब्रुवारीला जवळपास तीस वर्षं राज्य करणारा राष्ट्राध्यक्ष मुबारक सत्तेवरून गेला.

गेला, आणि पुढं? २०१२ ला निवडणूक झाली. पेजला लाखो लाईक पण बूथवर बसायला माणूस नाही. ज्यानं एकदा ग्रामपंचायतीचं इलेक्शन लढवलंय त्याला विचार, भावकीतले चार जण, यादी हातात घेऊन दारोदार फिरणारे दोन, म्हाताऱ्यांना गाडीवर बसवून आणणारा एक, आणि दिवसभर बूथवर चहा पोचवणारा एक, हे नसलं तर नुसत्या स्टेटसवर डिपॉझिट पण वाचत नाही. ते सगळं होतं मुस्लिम ब्रदरहूडकडं, १९२८ पासूनची संघटना, मशिदी, दवाखाने, सगळं जाळं. त्यांचा मोर्सी निवडून आला, जुलै २०१३ मध्ये लष्करानं त्याला पण काढलं आणि सेनाप्रमुख सिसी पुढं राष्ट्राध्यक्ष होऊन बसले ते अजून आहेत. कैरोच्या तहरीर चौकात सगळ्यात आधी आलेल्या पोरांपैकी कित्येक जण तुरुंगात गेले. तर पोरा, पाडायला फोन कामी येतो, पाडल्यावर काय बांधायचं त्याला रजिस्टर लागतं, आणि रजिस्टर भरायला वर्षं जातात.

२०२३ ला आंदोलनाच्या वेळी आमच्याकडं नेट बंद होतं. दुकानात फोनपे चालेना, गिऱ्हाईक माघारी जायला लागलं. मला हे सांगा की सरकार नेट बंद करतं म्हणजे नेमकं काय करतं, बटण असतंय का कुठं? (किराणा दुकानदार, अंबड)

भाऊ, तुमची अडचण मी डोळ्यानं बघितली, त्या दिवसांत मी जालन्यात बहिणीकडं होतो. चहावाल्यानं साखरेच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर उधारी लिहायला घेतली, नाव माहीत नाही तर ‘लाल शाल’, ‘हिरोवाला’, ‘जावई’ असं. तीन दिवसांनी नेट आलं तेव्हा ‘जावई’ कुणाचा हे त्याला पण आठवेना.

बटण नसतंय. कंपन्यांना आदेश जातो. इजिप्तमध्ये २७ जानेवारी २०११ च्या मध्यरात्रीनंतर हेच झालं. नेट म्हणजे एकमेकांना रस्ता सांगणाऱ्या यंत्रांचं जाळं आहे, प्रत्येक कंपनीचं यंत्र जगाला सांगत असतं की अमुक पत्ते माझ्याकडं आहेत, इकडून या. मोठ्या चार-पाच कंपन्यांच्या यंत्रांनी थोड्याच वेळात ते सांगणं बंद केलं, आणि जगाच्या नकाशावर इजिप्तला जायचा रस्ताच उरला नाही. एक छोटी कंपनी तेवढी आणखी काही दिवस चालू राहिली, तिच्यावर शेअर बाजाराचं काम चालायचं. २ फेब्रुवारीला नेट परत आलं, तोवर देशाचं नुकसान ९ कोटी डॉलरचं, असा अंदाज ओईसीडी या संस्थेनं काढला होता.

आणि डाव उलटला पण. जो माणूस घरी बसून स्क्रीनवर बघत होता त्याला आता काहीच दिसेना, पोरगं चौकात गेलंय, फोन लागेना, मग आई-बाप खाली उतरले, गल्लीत विचारत विचारत पुढं गेले आणि गर्दीत मिसळले. बांगलादेशात पण तेच, १८ जुलै २०२४ ला नेट कापलं, ५ ऑगस्टला शेख हसीनांना देश सोडावा लागला. इराणनं मात्र त्याआधीच वेगळी वाट काढली होती, तिथं नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोल महागल्यावर लोक उठले तर बाहेरचं नेट जवळपास आठवडाभर तोडलं आणि देशातल्या देशातलं बरंचसं चालू ठेवलं. बँका चालू, सरकारी कामं चालू, फक्त बाहेरच्या जगाला गोळीबार दिसेना. वर्षानुवर्षं पैसा घालून स्वतःचं घरगुती जाळं उभं केलं होतं त्यांनी. तुमच्यासारख्या दुकानदाराची बोंब झाली नाही की राज्यकर्त्याला नेट कापणं स्वस्त पडतं, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडं २०१७ पासून यासाठी नियम आहेत, आणि १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं काश्मीरच्या प्रकरणात सांगितलं की नेटबंदी बेमुदत ठेवता येणार नाही आणि आदेश लोकांसमोर जाहीर करावा लागंल. तरी पण नेट बंद करण्यात लोकशाही देशांमध्ये आपला नंबर कैक वर्षं पहिला लागलाय. त्यात परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून बंद केलेलं पण आहे काही राज्यांत, आता काय बोलावं!

तुम्ही सगळं श्रेय फोनला देता. निझामाच्या वेळी कुठं होता फोन? माझे वडील बंदी असलेला पेपर भाकरीच्या फडक्यात गुंडाळून बार्शीकडून आणायचे. (वय ८१, अंबाजोगाई, पोस्टकार्डानं)

आजी, साष्टांग नमस्कार. तुमचं कार्ड मी जपून ठेवलंय.

तुम्ही म्हणता ते सोळा आणे. निझामाच्या राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ म्हणून फर्मान होतं, परवानगीशिवाय जाहीर सभा घ्यायची नाही. म्हणून मग वाचनालयं निघाली, तालमी निघाल्या, मेळे निघाले, १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. १९३८ ला स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी, म्हणजे पाळणा हलायच्या आधीच बाळाला नोटीस. त्याच वर्षी आ. कृ. वाघमाऱ्यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक पुण्यातून काढलं, कारण पुणं निझामाच्या हद्दीबाहेर. बंदी आली की नाव बदलायचं आणि दुसऱ्या नावानं तोच पेपर काढायचा. आजची पोरं व्हीपीएन म्हणतात ना, बंद साईट दुसऱ्या देशाच्या वाटेनं उघडायची, ते हेच आहे की, आपल्या वडलांचं फडकं म्हणजे तेच.

फरक एकच आहे आणि तो मोठा आहे. तुमच्या वडलांनी पेपर आणला हे निझामाच्या पोलिसाला कळायला त्याला बार्शीच्या वाटेवर उन्हात उभं राहावं लागायचं. आता फोन स्वतःच सांगतो की मी कुठं होतो, कुणाशी बोललो, काय वाचलं. बेलारूसमध्ये ऑगस्ट २०२० ला निवडणुकीत घोटाळा झाला म्हणून लोक रस्त्यावर आले, नेट तोडलं तरी टेलिग्रामचं एक चॅनेल परदेशातून कुठं जमायचं ते सांगायचं. राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको हलला नाही. मग त्या चॅनेलला ‘अतिरेकी’ ठरवलं आणि पुढं अशी चॅनेलं नुसती फोनमध्ये सापडली तरी लोकांना आत टाकायला लागले. मे २०२१ मध्ये तर त्या चॅनेलच्या माजी संपादकाला पकडायला वरून चाललेलं प्रवासी विमान खाली उतरवलं. फडकं झटकून टाकता येत होतं आजी, फोन येत नाही.

आणि हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हीच रागवाल. हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू पेपरचे संपादक शोएबुल्ला खान यांना रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये मारून टाकलं. पेपर होता, सत्याग्रह होते, सरहद्दीवर कॅम्प होते, आणि शेवटी १३ ते १७ सप्टेंबरला भारताची फौज आली तेव्हा निझाम शरण आला. बातमीनं माणूस तयार होतो, गादी हलायला आणखी काही लागतं, तेव्हाही आणि आताही.

चीनमध्ये तर प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन आहे. तिथं काहून काही होत नाही? (शिक्षक, किनवट)

सर, २००० साली अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन म्हणाले होते की चीननं नेटला लगाम घालणं म्हणजे भिंतीला जेली खिळ्यानं ठोकायची. चीननं ठोकून दाखवली.

नुसती बाहेरच्या साईटवर भिंत घातली असती तर लोकांनी चिडून भोकं पाडली असती. त्यांनी आत सगळं दिलं, गप्पा, खरेदी, सिनेमा, रिक्षा, पैसे, सगळं वीचॅटसारख्या स्वतःच्या ॲपवर, म्हणून बाहेर जायची गरजच पडंना. हार्वर्डच्या गॅरी किंग आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१३ ला एक अभ्यास छापला, त्यांनी चिनी पोस्ट पुसल्या जायच्या आधीच गोळा करून ठेवल्या आणि मग बघितलं की कुठल्या गायब होतात. मला वाटलं होतं सरकारला शिव्या देणाऱ्या जात असतील. नाही! शिव्या बऱ्याच राहतात, त्यातून वर बसलेल्यांना कळतं की कुठला अधिकारी जास्त खायलाय. जातात त्या पोस्ट ज्यातून माणसं एका जागी जमू शकतात, मग ती सरकारच्या कौतुकाची का असंना. म्हणजे पंगतीत पुटपुटलात तर चालतं, पण पानावरून उठून एकत्र चाललात की संपलं. त्याच मंडळींचा नंतरचा अंदाज असा की वर्षाला जवळपास ४४ कोटी ८० लाख पोस्ट सरकारच्याच माणसांनी टाकलेल्या असतात, आणि त्या वाद घालत नाहीत, विषय बदलतात. तुमच्या स्टाफरूममध्ये पगाराचा विषय निघाला की हेडमास्तर क्रिकेट काढतात का? तसंच.

तरी पण अगदीच काही होत नाही असं नाही. १९८९ च्या ४ जूनला बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात लष्करानं आंदोलकांवर गोळ्या चालवल्या, त्याचं नाव घेता येत नाही म्हणून लोक ‘३५ मे’ (मेचे ३१ आणि वर ४) लिहायचे, मग ते पण बंद झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये उरुमचीत लॉकडाऊनमध्ये एका इमारतीला आग लागून १० जण गेले, तर पोरं कोरे ए-फोर कागद हातात धरून उभी राहिली. कागदावर काहीच नाही, मग पुसणार काय? डिसेंबरात कोविडचे निर्बंध ढिले झाले. आणि त्या पोरांपैकी काहींना नंतर गुपचूप घरातून उचललं, चेहरे कॅमेऱ्यात होते, फोन जागेवर होते.

गावच्या ग्रुपचा ॲडमिन मी आहे. कुणी सरकारविरुद्ध काही टाकलं तर मला आत टाकतील का? (माजलगाव)

दुसऱ्यानं टाकलेल्या पोस्टसाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही, तुमचा त्यात हात असला पाहिजे, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ ला सांगितलंय. पण ‘कोर्टात सुटंल’ आणि ‘ठाण्यात बोलावणार नाहीत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

मला सरकारपेक्षा दुसरी भीती वाटते. म्यानमारमध्ये कैक लोकांना नेट म्हणजे फेसबुकच माहीत होतं, त्याच फेसबुकवर रोहिंग्यांविरुद्ध इतकं विष पसरवलं की २०१७ मध्ये लाखो लोक पळून बांगलादेशात गेले, आणि विष पसरवण्यात लष्कराची माणसंच होती, खोटी पेजेस काढून. आपण हिंसा थांबवायला पुरेसं केलं नाही हे फेसबुकनं २०१८ मध्ये मान्य केलं. १ फेब्रुवारी २०२१ ला त्याच लष्करानं सत्ता घेतली तेव्हा लोकांनी त्याच फेसबुकवरून एकमेकांना गोळा केलं, रात्री आठला घराघरातून पातेली वाजवली, आणि लष्करानं मग फेसबुकच बंद केलं.

माझीच फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी बांगलादेशचा म्हणून पुलावरच्या गर्दीचा एक व्हिडिओ चार ग्रुपवर टाकला, वर दोन वाक्यं लोकशाहीवर. एका जुन्या विद्यार्थिनीनं खाली लिहिलं, ‘सर, हा वेगळ्याच देशातला आहे आणि जुना आहे, पाट्यांची लिपी बघा.’ तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं आणि पाटी वाचली नाही.

तुम्ही प्रत्येक गोष्टीला नाट लावता. एक तरी जागा सांगा जिथं हुकूमशहा निवडणुकीनं गेला, आणि नेट असंना का नसंना. (औसा)

गाम्बिया. पश्चिम आफ्रिकेतला चिमुकला देश, याह्या जामेह १९९४ ला बंदुकीनं आला होता आणि २२ वर्षं बसला होता. १ डिसेंबर २०१६ ला मतदान, आदल्या रात्री नेट बंद, परदेशी फोन बंद. तरी हरला.

तिथं मतदान गोट्यांनी होतं. खरंच, काचेच्या गोट्या! लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी इंग्रजांच्या काळापासून चालत आलंय. प्रत्येक उमेदवाराचा एक पिंप, त्यावर रंग आणि फोटो, तुम्हाला एक गोटी मिळते, पडद्याआड जाऊन वरच्या नळीतून टाकायची. आणि त्या वर्षी मोजणी प्रत्येक केंद्रावर तिथल्या तिथं झाली, भोकं असलेल्या ट्रेमध्ये गोट्या लावून, सगळ्या पक्षांच्या माणसांसमोर, म्हणजे राजधानीत बसून आकडा बदलायची सोय राहिली नाही. नेट असतं तर निकाल लवकर पसरला असता एवढंच. जामेहनं आधी टीव्हीवर हार मानली, आठवड्यानं शब्द फिरवला, मग शेजारच्या देशांच्या फौजा सरहद्द ओलांडून आल्या तेव्हा २१ जानेवारी २०१७ ला गेला. विरोधी पक्ष त्या वेळी भांडणं सोडून एका उमेदवारामागं उभे राहिले होते, अदामा बॅरो, ही पण बारकी गोष्ट नाही, औश्यात करून दाखवा.

पिंपाच्या आत एक घंटी असते. गोटी पडली की टण्ण वाजते, बाहेर बसलेले सगळे ऐकतात, दोनदा वाजली तर चोरी. म्हणून मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकल आणायला बंदी असते, सायकलची घंटी अगदी तशीच वाजते.